वारा सुटलाय आणि ग्रिल पेटवायचंय? आधी हे वाचा

कोळशाचं ग्रिल शांत हवेत पेटवणं तसं अवघड नाही, दोनतीनदा फसतं आणि मग हात बसतो. वारा असला की मात्र गणित बदलतं, आणि तेही एकदा नाही, दोनदा बदलतं. पहिली पाच मिनिटं वारा काडी विझवतो, कागद विझवतो, काहीच धरू देत नाही. मग एकदा का कोळशाने विस्तव धरला की तोच वारा लोहाराच्या भात्यासारखा मागे लागतो, निखारे लाल सोडून नारिंगी पिवळे व्हायला लागतात, ठिणग्या उडतात आणि आता हे आवरायचं कसं असं होऊन जातं. नवीन माणूस नेमका या दोन टप्प्यांच्या मधे फसतो. आग धरत नाही म्हणून वैतागून अजून कागद कोंबतो, अजून लायटर फ्लुइड (कोळसा पेटवायचं ज्वालाग्राही तेल) ओततो, आणि त्या सगळ्याला एकदम हवा मिळाली की भडका. म्हणून सुरुवातीला फक्त ज्योतीला आडोसा द्यायचा आणि धरल्यावर लगेच हवा कमी करायची. खाली जे काही लिहिलंय ते याच दोन गोष्टींभोवती फिरतं.

आज पेटवायचं का, हे आधी

बऱ्याच जणांना हा प्रश्नच पडत नाही, लोक बोलावलेले असतात, कोळसा आणलेला असतो. पण आधी झाडाकडे बघा. फ्रान्सिस ब्यूफोर्ट नावाच्या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने १८०५ च्या सुमाराला वाऱ्याची एक मोजपट्टी केली, ती जहाजांसाठी होती, जमिनीवरच्या खुणा तिला नंतर जोडल्या गेल्या, पण त्या खुणा इतक्या सोप्या आहेत की यंत्र लागत नाही. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलतायत म्हणजे ३ नंबरचा वारा, ताशी १२ ते १९ किलोमीटर. धूळ आणि सुटे कागद उडायला लागले, लहान फांद्या हलतायत तर ४ नंबर, २० ते २८. पानांनी भरलेली छोटी झाडं अख्खीच डोलायला लागली की ५ नंबर, २९ ते ३८. माझा स्वतःचा हिशोब असा की ३ पर्यंत बिनधास्त पेटवा, ४ ला चांगला आडोसा आणि सोबत दुसरं माणूस असेल तरच, ५ दिसला की कोळसा परत पिशवीत. पहिल्यांदाच पेटवत असाल तर ४ ला सुद्धा नको.

फोनवर वारा बघत असाल तर सरासरीच्या शेजारी झोतांचा आकडा पण दिलेला असतो, तो बघा. सरासरी १५ आणि झोत ४० असला तर तुमच्या कामाचा आकडा ४० आहे, कारण ठिणगी उडवायला एकच झोत पुरतो. आणि अंदाजातला वारा जमिनीपासून १० मीटर उंचीचा धरलेला असतो, खाली साधारणपणे कमी लागतो, पण इमारतीच्या कोपऱ्यावर किंवा दोन भिंतींमधल्या बोळात उलट जास्त लागतो. आजूबाजूला वाळलेलं गवत असेल किंवा आगीच्या धोक्यामुळे उघड्यावर पेटवायला बंदी असेल तर वारा कितीही मंद असो, विषय संपला.

जागा

घरापासून, कुंपणापासून, झाडापासून निदान ३ मीटर लांब हे तर नेहमीचंच. वाऱ्यात मात्र मोजायचं ते वारा जिकडे जातोय त्या बाजूला. ग्रिलच्या मागे वाऱ्याच्या वाटेवर काय आहे, दोरीवर कपडे आहेत का, गाडी, ताडपत्री, सुक्या पानांचा ढीग, कोणाची उघडी खिडकी, हे सगळं चालत जाऊन बघा. जमीन सपाट आणि न जळणारी हवी. लाकडी डेक नको, छपराच्या वळचणीखाली नको, बाल्कनीत तर अजिबातच नको.

वाऱ्याची दिशा कळायला चिमूटभर सुकी माती सोडून बघतात, पण मला त्यापेक्षा काठीला बांधलेली फीत आवडते, कारण ती पाच मिनिटं तशीच बघत बसता येते. जिथे ग्रिल ठेवायचंय बरोब्बर तिथे ती काठी धरा. भिंतीच्या आड शांत असेल असं आपल्याला वाटतं पण भिंतीवरून आलेला वारा पलीकडे खाली वळतो आणि भोवरा करतो, फीत कधी भिंतीकडे कधी उलट अशी नाचते. अशा जागी धूर आणि ठिणग्या भिंतीकडेच परत येतात. फीत एकाच दिशेला जरा जोरात ओढली गेलेली परवडली, नाचरी नको.

आता सगळ्यात वाईट आयडिया सांगतो जी प्रत्येकाला सुचते: बाहेर वारा आहे ना, मग आत घेऊ. गॅरेजमधे शटर अर्धं उघडं ठेवून, तंबूत, पोर्चला पडदे लावून. नाही. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना रंग ना वास, धूर दिसत नसला तरी तो निघतच असतो, आणि विझत आलेल्या धुमसत्या कोळशातून तर चांगलाच निघतो. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, मग गुंगी, आणि गुंगी आल्यावर माणूस उठून बाहेर जात नाही. दार खिडकी उघडी आहे म्हणून चालेल असंही नाही. ऊब मिळावी म्हणून उरलेले निखारे रात्री आत आणणं हीसुद्धा तीच चूक.

आडोसा कशाचा

विटांचा, पत्र्याचा, सिमेंटच्या ब्लॉकचा. प्लायवुड, पुठ्ठा, प्लॅस्टिकची शीट, चादर हे सगळं पहिल्या ठिणगीला तयारच बसलेलं असतं, ते नको. आडोसा फक्त वाऱ्याच्या बाजूला घालायचा, फार तर इंग्रजी यू सारखा तीन बाजूंनी, आणि चौथी बाजू, म्हणजे वारा जिकडून बाहेर पडतो ती, मोकळी. चारही बाजू बंद केल्या तर धग कोंडते आणि झटकन मागे सरायला जागा राहत नाही. ग्रिल आणि आडोसा यात हातभर अंतर असू द्या. पत्रा उभा करणार असाल तर तो पडणार नाही ना हे हलवून बघा, वाऱ्याने निखाऱ्यांवर पडलेला पत्रा हा स्वतःच एक अपघात आहे.

गोल झाकणवालं केटल ग्रिल असेल तर निम्मा आडोसा तुमच्याकडे आधीच आहे. खालचं भांडं खोल असतं, कोळशाची जाळी कडेच्या बरीच खाली असते, त्यामुळे जे काय पेटवायचं ते त्या भांड्यातच पेटवायचं. आणि झाकण वाऱ्याच्या बाजूला कडेवर टेकवून उभं धरलं की झालं, बऱ्याच ग्रिलना झाकण अडकवायला हूक किंवा कडी असते. मी कित्येक महिने हे झाकण गवतावर ठेवून समोर उकिडवा बसून हाताच्या ओंजळीत काड्या विझवत होतो. काखेत कळसा म्हणतात तो असा.

तीन पायांची हलकी ग्रिल वाऱ्याला तिरकी होतात. चाकं असतील तर लॉक करा किंवा विटेने अडवा, पाय डुगडुगत असेल तर आत्ताच बघा, पेटल्यावर नाही.

हाताशी काय काय

तहान लागल्यावर विहीर खणायची नाही. पाण्याची भरलेली बादली किंवा नळाला लावलेला पाइप, तो पण एकदा पाणी सोडून बघितलेला. एक बादली वाळू किंवा माती. कोपरापर्यंतचे चामड्याचे हातमोजे, लांब चिमटा, लांब नळीचा लायटर. अंगात सुती कपडे, कारण नायलॉन पॉलिस्टर जळताना वितळून कातडीला चिकटतं. ओढणी, स्कार्फ, सैल बाह्या, मोकळे केस बांधून घ्या, आणि चप्पल नको, बूट घाला. लहान मुलं आणि कुत्रा यांच्यावर लक्ष ठेवायला एक माणूस नेमा, तो तुम्ही नाही.

पेटवायला चिमणी स्टार्टर घ्या. ही चिमणी म्हणजे दाणे टिपणारी नाही आणि रॉकेलच्या दिव्याची पण नाही, दोन्ही बाजूंनी उघडा पत्र्याचा डबा, आत खालच्या अंगाला जाळी आणि बाहेर दांडा. वर कोळसा, खाली आग. गरम हवा वर जाते आणि खालच्या भोकांतून ताजी हवा आत ओढते, त्यामुळे फुंकर मारायला लागत नाही. वाऱ्यात याला पर्याय नाही असं माझं स्पष्ट मत आहे, कारण कोळसा सगळ्या बाजूंनी पत्र्याच्या आत राहतो.

चिमणीखाली काय ठेवायचं यावर जरा थांबतो. बहुतेक लोक वर्तमानपत्राचे बोळे ठेवतात, शांत हवेत चालतं. मी पण ठेवायचो. एकदा चांगला वारा होता आणि मी चिमणी जमिनीवर फरशीवर ठेवलेली, कागदाला लायटर लावला, एक बोळा फरफर पेटला आणि झोत आला. तो बोळा खालच्या भोकातून बाहेर नाही आला, जळून पातळ झालेला कागद वरच्या कोळशाच्या फटींमधून वर गेला, काळी पाकळी, कडेला लाल दोरा फिरत असलेली, आणि सावकाश तरंगत जाऊन घडी करून ठेवलेल्या खुर्चीच्या कापडावर बसली. मी बघतच राहिलो. कापडाला आधी तपकिरी ठिपका पडला, मग मधे भोक, मग भोकाची कड लाल होऊन रुंद व्हायला लागली, ज्योत अशी नव्हतीच. पाण्याची बादली घरात होती. बुटाने घासून विझवलं, खुर्ची गेली, पण त्या दिवसापासून वाऱ्यात कागद बंद.

कागदाऐवजी मेणाचे फायर स्टार्टर क्यूब मिळतात ते वापरा. एक क्यूब साताठ मिनिटं तरी जळतो, एका जागी जळतो, त्याचे तुकडे उडत नाहीत, आणि मेण वितळून जळत असल्याने छोट्यामोठ्या झुळकीला विझत पण नाही. क्यूब नसतीलच तर कागदाची घट्ट पिळून गाठ करा आणि तिच्यावर चमचाभर खाण्याचं तेल घाला, सुट्या कागदापेक्षा खूप सावकाश जळते, पण क्यूब ते क्यूब.

आणि फ्लुइड? वाऱ्यात नको. त्याची वाफ वाऱ्याबरोबर कुठे गेली हे दिसत नाही, आणि ज्योत आडवी होऊन हातावर येते. शांत हवेत वापरलंत तरी फक्त पेटवायच्या आधी, बाटली बंद करून लांब ठेवून मग काडी, आणि ग्रिलचं झाकण उघडं. विझलंय असं वाटणाऱ्या कोळशावर वरून फ्लुइड मारणं हा तर हात भाजून घेण्याचा हमखास मार्ग, गरम कोळशावर त्याची लगेच वाफ होते आणि आग धारेवरून बाटलीकडे येऊ शकते. पेट्रोलचं नावच काढू नका, त्याची वाफ गोठवणाऱ्या थंडीतसुद्धा पेट घेते आणि हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते.

पेटवताना

१. मागच्या वेळची राख काढून टाका, नाहीतर खालून हवा येत नाही आणि वारा आला की ती राख सगळ्यांच्या डोळ्यात. खालचं व्हेंट, म्हणजे हवेची झडप, पूर्ण उघडा.

२. चिमणी पाऊण भरा, काठोकाठ नको, वारा वरचे लहान तुकडे ढकलतो. कोळसा कुठला घ्यायचा तर वाऱ्यात ब्रिकेट, म्हणजे कोळशाच्या भुकटीच्या दाबून केलेल्या वड्या, बरे. लाकडाचा ओबडधोबड कोळसा लवकर धरतो खरा पण तडतडतो, त्यात ओल किंवा गाठ असेल तर ठिणग्या फुटतात. ब्रिकेट सावकाश धरतात आणि गप बसतात.

३. दोन क्यूब ग्रिलच्या आत कोळशाच्या जाळीवर ठेवा, मधे, एकमेकांना टेकून. झाकण वाऱ्याच्या बाजूला उभं. तुम्ही वाऱ्याच्या बाजूला, पण भांड्यावर वाकून नाही, लायटरची नळी आत घालून क्यूबच्या कोपऱ्याला लावा. एक कोपरा धरला की थांबा. अर्धा मिनिट काहीच करू नका. घाई इथे नडते, लगेच चिमणी ठेवली की ज्योत दबते. ज्योत क्यूबभर पसरली की मग चिमणी वर अलगद ठेवा.

४. आता पांढरा दाट धूर येईल. घाबरू नका, आणि आत डोकावू पण नका. हा धूर बराचसा ओल आणि सुरुवातीच्या अर्धवट जळण्याचा असतो, पुढे तो विरळ होतो.

५. शांत हवेत चिमणीला १५ ते २० मिनिटं लागतात. वाऱ्यात बरेचदा लवकर होतं, पण एकाच बाजूने. वाऱ्याच्या बाजूचे कोळसे लाल आणि आडबाजूचे काळेच. सातआठ मिनिटांनी मोजे घालून दांडा धरून चिमणी जागच्या जागी अर्धी फिरवा. उचलू नका, फक्त फिरवा.

६. वरच्या कोळशांच्या कडा राखाडी व्हायला लागल्या आणि फटींमधून ज्योत दिसायला लागली की ओतायची वेळ. शांत हवेत मी वरचा थर पूर्ण राखाडी व्हायची वाट बघतो, वाऱ्यात जरा आधीच ओततो, उरलेलं काम वारा करतोच.

ओतणं हा सगळ्यात धोक्याचा क्षण आहे. तेव्हा पाठीमागून वारा घ्यायचा असं सांगतात, पण एक गंमत आहे, वाऱ्याकडे सरळ पाठ केली की तुमच्याच अंगापुढे भोवरा तयार होतो आणि धूर, राख उलट तुमच्या तोंडावर येते. शेकोटीचा धूर माझ्याच मागे का लागतो असं जे लोक म्हणतात, त्याचं एक कारण हे पण आहे. म्हणून वारा एका खांद्यावर घ्या, तिरके उभे राहा. झोत येऊन जाऊ द्या, दोन झोतांच्या मधे ओता. चिमणी जाळीच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्या, सावकाश तिरकी करा. उंचावरून धबधब्यासारखं ओतलं की ठिणग्यांचा फवारा उडतो आणि तो वाऱ्याबरोबर जातो. रिकामी चिमणी अजूनही भयंकर गरम असते, ती गवतावर किंवा लाकडी टेबलावर नाही, विटेवर ठेवा.

चिमणी नसेल तर कोळशाचा छोटा ढीग करा, मधे खळगा, खळग्यात क्यूब, झाकण वाऱ्याच्या बाजूला. वेळ जास्त लागेल. पुठ्ठ्याने वारा घालायचा मोह आवरा, तो मोफत मिळतोय.

धरल्यावर लगेच

इथून पुढे वाऱ्याला अडवायचं. निखारे पसरले, वर जाळी ठेवली की झाकण लावा. झाकणाचं व्हेंट वाऱ्याच्या उलट्या बाजूला येईल असं फिरवा. खालच्या व्हेंटमधे वारा सरळ घुसणार नाही असं ग्रिल पेटवायच्या आधीच वळवून ठेवलेलं बरं, कारण पेटलेलं ग्रिल ओढायचं नसतं. मग खालचं व्हेंट एक तृतीयांशावर आणा. शांत हवेत जितकं उघडं ठेवता त्याच्या निम्म्यापासून सुरुवात करा म्हणा ना. बदल केला की लगेच परिणाम दिसत नाही, पाचदहा मिनिटं द्या. नवीन माणूस दर मिनिटाला झडप फिरवत बसतो आणि मग ग्रिल एकदा भट्टी एकदा थंड.

झाकण उघडायचं तेव्हा ते वाऱ्याच्या दिशेने ढालीसारखं धरून उघडा, आणि पटकन बंद करा. झाकण उघडं ठेवून गप्पा मारल्या की वारा कोळसा खातो, अर्ध्या तासात सगळा खलास. चरबी गळून भडका उडाला तर पाणी टाकू नका, पाण्याची एकदम वाफ होते आणि जळती चरबी बाहेर उडते. झाकण लावा, दोन्ही व्हेंट बंद करा. वारा अचानक वाढला तरी तेच करा, झाकण, वरचं बंद, खालचं बंद, आणि लांब उभे राहा. बादलीतलं पाणी बाहेर उडालेल्या ठिणग्यांसाठी आहे.

ग्रिल सोडून जायचं नाही, फोन घ्यायला पण नाही. दर दहाएक मिनिटांनी वारा जिकडे जातो तिकडे एक चक्कर मारून जमीन बघा.

भाजलंच तर वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं, घड्याळ लावून. बर्फ, टूथपेस्ट, तूप, हळद काही नाही. अंगठी, घड्याळ सूज यायच्या आत काढा. फोड मोठा असेल, चेहरा, हाताचा पंजा किंवा सांधा भाजला असेल तर डॉक्टर.

विझवणं

झाकण आणि दोन्ही व्हेंट बंद करून ठेवा, हवा तुटली की कोळसा तासाभरात विझत जातो आणि उरलेला पुढच्या वेळी वापरता येतो. पण विझला असं दिसणं आणि विझणं यात फरक आहे. राख निखाऱ्यावर पांघरूण घालते, आत एखादा तुकडा दुसऱ्या दिवशीपर्यंत जिवंत राहतो, आणि वाऱ्यात झाकण उघडून राख हलवली की तो परत लाल होतो.

माझ्याकडून हे पण झालंय. दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्र उलटून गेलेली, राखेवरून हात फिरवला तर गार लागली, म्हणून प्लॅस्टिकच्या बादलीत काढली. दुपारी बादली उचलायला गेलो तर कडी हातात आणि बूड फरशीला चिकटलेलं, मधे सुपारीएवढा एक तुकडा, भोवती प्लॅस्टिकचं तळं.

तेव्हा राख काढायची असेल तर निदान ४८ तासांनी, वारा पडलेला असताना, धातूच्या बादलीत, घट्ट झाकणाच्या. थांबायला वेळ नसेल तर बादलीत पाणी घालून फावड्याने ढवळा, आणि चुर्र आवाज बंद झाल्यावर पुन्हा एकदा घाला, गरम निखाऱ्यांवर एकदम ओतू नका, वाफ भाजते. बादली भिंतीपासून लांब, विटांवर ठेवा. दुसऱ्या दिवशी हाताची पाठ पत्र्याच्या जवळ नेऊन बघा, जरा जरी ऊब लागली तर झाकण न उघडता अजून एक दिवस तशीच राहू द्या.